लॅबचा बॅरोमीटर ९४८ दाखवतोय आणि मोबाईल १०१२: पुण्यातल्या नवीन लॅबवाल्यांसाठी

लॅबमधे नवीन जॉईन झालेला प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात हा प्रश्न विचारतोच. भिंतीवरचा डिजिटल बॅरोमीटर ९४८ हेक्टोपास्कल दाखवतोय, मोबाईलच्या वेदर ॲपमधे पुण्याचं प्रेशर १०१२ लिहिलंय, पुस्तकात तर १०१३.२५ छापलंय, म्हणजे बॅरोमीटर बिघडलाय का? नाही बिघडला. तो पुण्यात लटकवलाय आणि पुण्यातलं प्रेशर दाखवतोय, एवढंच. सगळ्यात आधी एक विनंती, हा लेख वाचून होईपर्यंत कुठल्याही बॅरोमीटरच्या मागे स्क्रू असेल तर त्याला हात लावू नका आणि सेटिंगमधे जाऊन आकडा ॲपशी जुळवू पण नका.

आधी दोन आकडे वेगळे करून घ्या

पहिला आकडा म्हणजे तुम्ही जिथे उभे आहात तिथलं खरं प्रेशर, तुमच्या डोक्यावरच्या हवेचं वजन. ह्याला ॲब्सोल्युट म्हणतात, हवामानवाले स्टेशन प्रेशर म्हणतात, आपण स्थानिक दाब म्हणू. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे त्यामुळे खालच्या ५६० मीटर हवेचं वजन आपल्या वाट्याला येतच नाही, आणि आकडा वर्षभर साधारण ९४० ते ९५५ च्या मधे फिरत राहतो. पावसाळ्यात खाली, डिसेंबर-जानेवारीत वर.

दुसरा आकडा म्हणजे "पुण्याखाली समुद्रापर्यंत खड्डा खणला असता तर त्याच्या तळाशी किती प्रेशर असतं" ह्याचा हिशोब. तो कोणी मोजलेला नाहीये, स्थानिक दाबावरून काढलेला आहे. हा उपद्व्याप कशाला, तर हवामानाच्या नकाशासाठी. जिन्याच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या पोरांत उंच कोण हे ठरवायचं तर आधी सगळ्यांना एका फरशीवर आणावं लागतं, तसंच मुंबई, पुणे, महाबळेश्वर सगळ्यांना समुद्रसपाटीला आणल्याशिवाय कमी दाबाचा पट्टा कुठे आहे ते कळणारच नाही. नाहीतर नकाशावर सिंहगडावर कायमचं वादळ दिसेल, कारण तिथे जेमतेम ८६५ च्या आसपास प्रेशर असतं.

आता लॅबच्या दृष्टीने बघा. तुमच्या बीकरमधल्या पाण्याला, व्हॅक्यूम पंपाला, ऑक्सिजन मीटरच्या प्रोबला त्या काल्पनिक खड्ड्याशी काही देणंघेणं नाही. त्यांच्यावर ९४८ च दाबतंय. म्हणून लॅबच्या कामात जवळजवळ नेहमी स्थानिक दाबच लागतो, आणि समुद्रसपाटीचा आकडा लागतो तो फक्त बाहेरच्या कोणाशी तुलना करताना. बाकी सगळा लेख ह्यावरच आहे.

स्टेप १: आपलं यंत्र नक्की काय दाखवतंय ते ओळखा

पुण्यात हे सोपं आहे. आकडा ९०० च्या घरात असेल तर स्थानिक, १००० च्या वर असेल तर समुद्रसपाटीला नेलेला. मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या लॅबवाल्यांना ही सोय नाही, तिथे दोन्ही आकडे इतके जवळ असतात की वर्षानुवर्षं गोंधळ चालू राहिला तरी कळत नाही. त्या बाबतीत आपण नशीबवान.

युनिट मात्र बघून घ्या. हेक्टोपास्कल आणि मिलीबार एकच. मिलिमीटर पाऱ्यात असेल तर पुण्यात ७११ च्या आसपास दिसेल आणि समुद्रसपाटीचा ७६० च्या आसपास. इंचात असेल तर २८ आणि ३० च्या जवळ. एका मिलिमीटरला १.३३३ हेक्टोपास्कल, एवढं पाठ करून ठेवा.

ऑनलाईन मिळणाऱ्या डिजिटल वेदर स्टेशनमधे बहुतेक वेळा रिलेटिव्ह आणि ॲब्सोल्युट असे दोन मोड असतात. रिलेटिव्ह म्हणजे समुद्रसपाटीचा. गंमत अशी की रिलेटिव्हमधे कोणीतरी हाताने ऑफसेट (आकड्यात मिळवायचा फरक) भरलेला असतो, तो कोणी, कधी, कशावरून भरला हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. त्यामुळे मोड ॲब्सोल्युटवर ठेवा आणि विषय संपवा.

सेन्सरची छोटी चिप वापरून स्वतः लॉगर बनवला असेल, बीएमपी२८० वगैरे, तर ती चिप स्थानिक दाबच देते. त्याची टिपिकल अचूकता साधारण एक हेक्टोपास्कल इतकी असते, म्हणजे स्क्रीनवर दशांशानंतर दोन आकडे नाचत असले तरी शेवटचे आकडे फार मनावर घेऊ नका. पण कोडमधे कोणीतरी समुद्रसपाटीचं रूपांतर टाकून ठेवलेलं असू शकतं, तेवढं उघडून बघा.

आणि तो पितळी काट्याचा गोल ॲनेरॉइड बॅरोमीटर (आत पारा नाही, हवा काढलेली धातूची डबी असते), डायलवर "स्टॉर्मी, रेन, चेंज, फेअर" लिहिलेला. ते डायल समुद्राकाठच्या लोकांसाठी बनलेलं आहे. पुण्यात तो खरा दाब दाखवायला लागला तर काटा २८ इंचावर, म्हणजे कायम "स्टॉर्मी"वर बसेल, म्हणून बहुतेक ठिकाणी कोणीतरी मागचा स्क्रू फिरवून काटा "फेअर"कडे आणून ठेवलेला असतो. असा ॲनेरॉइड दिसला तर शोभेला ठेवा, रजिस्टरमधे त्याचा आकडा लिहू नका.

स्टेप २: आपल्या टेबलाची उंची काढा

पुणे ५६० मीटर हे शहराचं ढोबळ झालं. विमानतळच ५९२ मीटरवर आहे. नदीकाठची इमारत आणि टेकडीला लागून असलेली इमारत ह्यात आरामात काही दहा मीटरचा फरक पडतो. पुण्याच्या उंचीवर साधारण नऊ मीटरला एक हेक्टोपास्कल असा हिशोब आहे, म्हणजे एक मजला चढलात की सुमारे एक तृतीयांश हेक्टोपास्कल कमी. तळमजल्यावरचा बॅरोमीटर आणि पाचव्या मजल्यावरचा बॅरोमीटर दीड हेक्टोपास्कलने वेगळे दिसले तर भांडू नका, दोघंही बरोबर आहेत.

उंची काढायला नकाशावरची जमिनीची उंची घ्या, त्यात मजल्यांची उंची मिळवा. जीपीएसवर विसंबताना एक गोची आहे, काही रिसीव्हर समुद्रसपाटीपासूनची उंची देत नाहीत तर पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची देतात, आणि आपल्या भागात ह्या दोन्हींत पन्नास मीटरहून जास्त फरक आहे. म्हणजे सरळ पाच-सहा हेक्टोपास्कलची चूक. जीपीएसने पुण्यातली तुमची लॅब ५०० च्या खाली दाखवली तर समजून जा.

आलेला आकडा एका स्टिकरवर लिहून बॅरोमीटरच्या बाजूला चिकटवा. बॅरोमीटर दुसऱ्या खोलीत हलवला तर स्टिकर बदला. हे काम दोन मिनिटांचं आहे आणि कोणी करत नाही.

स्टेप ३: एका आकड्यावरून दुसरा काढणं

घाबरू नका, एक गुणाकार आहे. प्रमाणित वातावरण, म्हणजे उंचीनुसार दाब आणि तापमान कसं घटतं ह्याचं सगळ्यांनी ठरवून घेतलेलं सरासरी गणित, धरलं तर समुद्रसपाटीच्या दाबाला खालच्या आकड्याने गुणायचं की स्थानिक दाब मिळतो:

५५० मीटरला ०.९३६५
५६० मीटरला ०.९३५४
५७० मीटरला ०.९३४२
५८० मीटरला ०.९३३१
६०० मीटरला ०.९३०९

समजा तुमचं टेबल ५७० मीटरवर आहे आणि विमानतळाच्या हवामान रिपोर्टमधे क्यूएनएच, म्हणजे विमानवाले वापरतात तो समुद्रसपाटीचा दाब, १०१२ दिलंय. १०१२ गुणिले ०.९३४२ म्हणजे ९४५.४. तुमचा बॅरोमीटर ९४५ ते ९४७ च्या मधे असेल तर उत्तम. वरच्या बाजूला थोडी जास्त ढील का दिली, तर त्या रिपोर्टमधे दशांश कापून खालचा पूर्ण आकडा लिहितात, खरं क्यूएनएच १०१२.९ पण असू शकतं. उलटं जायचं असेल तर भागायचं.

आता इथे एक मेख आहे आणि ती नीट समजून घ्या कारण बरेच जण इथेच घसरतात. समुद्रसपाटीला न्यायच्या दोन पद्धती आहेत. विमानवाल्यांचं क्यूएनएच हे प्रमाणित वातावरण धरून काढतात, बाहेर ऊन असो की थंडी, सूत्र तेच. हवामानाच्या नकाशावरचा आकडा मात्र तापमान लक्षात घेऊन काढतात, कारण त्या काल्पनिक खड्ड्यातली हवा गरम असेल तर हलकी, थंड असेल तर जड. स्थानिक दाब ९४८ धरा, उंची ५६०. बाहेर १० डिग्री असताना मिळवायचे सुमारे ६६ हेक्टोपास्कल, म्हणजे १०१४. एप्रिलमधे दुपारी ४० डिग्री असताना मिळवायचे सुमारे ५९, म्हणजे १००७. लॅबमधला दाब तसूभरही हलला नाही तरी समुद्रसपाटीचा आकडा सात हेक्टोपास्कलने बदलला. मग ॲपमधल्या आकड्याला वरच्या कोष्टकाने गुणून स्थानिक दाब काढला तर उन्हाळ्यात चांगलाच चुकेल, शिवाय ॲपवाले कुठल्या पद्धतीने आकडा काढतात ते सांगत पण नाहीत. म्हणून वरचं कोष्टक फक्त क्यूएनएचसाठी वापरा. आणि ६४ चा एकच फिक्स ऑफसेट भरून मोकळं होणाऱ्यांना पण हेच सांगा.

स्टेप ४: बॅरोमीटर बरोबर आहे का ते तपासणं

रोजच्या खात्रीला विमानतळाचा रिपोर्ट पुरतो, तो नियमित येतो आणि फुकट बघता येतो. तपासणी शांत हवेच्या दिवशी करा, वळवाचा पाऊस फुटायच्या बेतात असताना नको, तेव्हा प्रेशर एका भागात एक आणि दुसऱ्या भागात दुसरं असतं. रिपोर्टची वेळ आंतरराष्ट्रीय वेळेत असते, त्यात साडेपाच तास मिळवायचे. हे विसरलात तर दुपारचा आकडा सकाळच्या आकड्याशी ताडून बघाल आणि पुण्यात एवढ्यानेच दोन-तीन हेक्टोपास्कलचा फरक पडतो, कारण आपल्याकडे वातावरणाला रोजची भरती-ओहोटी असते, सकाळी दहाच्या सुमाराला आणि रात्री दहाच्या सुमाराला प्रेशर वर, पहाटे चार आणि दुपारी चारच्या आसपास खाली. नवीन मुलांना वाटतं दुपारी यंत्र ड्रिफ्ट होतंय. एसी लावून बघतात, बॅटरी बदलतात. ते यंत्र नाही, आकाश हलतंय.

ऑडिट असेल किंवा सर्टिफिकेट लागणार असेल तर ह्या घरगुती तपासणीवर चालत नाही, मान्यताप्राप्त कॅलिब्रेशन लॅबकडेच पाठवायचं, आणि पाठवताना कागदावर स्पष्ट लिहायचं की कॅलिब्रेशन ॲब्सोल्युट मोडमधे हवंय आणि ९३० ते ९६० ह्या रेंजमधे पॉइंट हवेत. नाहीतर पुण्यात कधीच न येणाऱ्या १०१३ च्या आसपास पॉइंट घेऊन सर्टिफिकेट येतं आणि ते फाईलला लागतं. 

जुन्या फिजिक्स लॅबमधे फोर्टिनचा पाऱ्याचा बॅरोमीटर असेल तर त्याच्याशी पण ताडून बघता येतं, पण त्याचं रीडिंग कच्चं असतं. आधी त्याच्यावरचं थर्मामीटर वाचा, जवळ उभं राहून तुमच्याच अंगाच्या उबेने ते चढतं. मग खालचा स्क्रू फिरवून पाऱ्याची पातळी अशी आणा की हस्तिदंती टोक आणि त्याचं पाऱ्यातलं प्रतिबिंब नुसतं टेकेल. नळीला हलकी टिचकी मारा, मग व्हर्नियर (दशांश वाचायची सरकती पट्टी) लावा. समजा ७१५.६ मिलिमीटर आलं आणि तापमान २५. गरम पारा फुगलेला असतो म्हणून २.९ वजा, राहिले ७१२.७. पुण्यातलं गुरुत्व प्रमाणित ९.८०६६५ पेक्षा जरा कमी आहे म्हणून आणखी १.६ च्या आसपास वजा, राहिले ७११.१, म्हणजे ९४८ हेक्टोपास्कल. ह्या दोन दुरुस्त्या केल्या नाहीत तर सहा हेक्टोपास्कल जास्त येतात आणि मग बिचाऱ्या चांगल्या डिजिटल यंत्रावर संशय जातो. आणि ह्या दुरुस्त्या म्हणजे समुद्रसपाटीला नेणं नव्हे, काही प्रॅक्टिकलच्या वह्यांत ते सगळं एकाच सूत्रात कालवलेलं असतं. पारा सांडला तर झाडूने गोळा करायला जाऊ नका, लॅब इन्चार्जना बोलवा.

स्टेप ५: कुठे चूक महागात पडते

सगळ्यात जास्त फटका डिझॉल्व्ह्ड ऑक्सिजन मीटरला. मुळा-मुठेचे सॅम्पल घेऊन येणारे प्रोजेक्टवाले, हे तुमच्यासाठी आहे. मीटर कॅलिब्रेट करताना तो प्रेशर विचारतो आणि तिथे ॲपमधला १०१२ टाकला जातो. २५ डिग्रीला समुद्रसपाटीच्या दाबाखाली पाण्यात लिटरला ८.२६ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, पुण्यात ९४८ ला मावतो ७.७ च्या आसपास. तुम्ही मीटरला सांगितलंत की आपण समुद्रकाठी आहोत, त्याने ते खरं मानलं, आणि आता तो प्रत्येक सॅम्पल सुमारे सात टक्के वाढवून सांगणार. खरा ४.० असेल तर ४.२८ दिसेल. नदी कागदावर सुधारली! बरेच मीटर मिलिमीटर पारा मागतात, तिथे ७११ टाकायचे, ७६० नाही.

ऑटोक्लेव्ह. काट्यावरचे १५ पीएसआय हे बाहेरच्या हवेच्या वर मोजलेले असतात. समुद्रकाठी १५ पीएसआयला आतल्या वाफेचं तापमान १२१ डिग्री, पुण्यात बाहेरची हवाच हलकी असल्याने तेवढ्याच काट्याला १२० च्या आसपास. १२१ हवं असेल तर काटा १६ पर्यंत जायला हवा. तापमानावर चालणारं मॉडेल असेल तर काही करायचं नाही, पण जुन्या उभ्या ऑटोक्लेव्हवर फक्त काटाच असतो, तिथे सेफ्टी व्हॉल्व्हची मर्यादा बघूनच आणि इन्चार्जना विचारूनच ठरवा.

व्हॅक्यूम पंपाचं तर हमखास. गेजवर ७६० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत आकडे असतात, पुण्यात काटा ७१० च्या पुढे जात नाही आणि लोक पंप दुरुस्तीला पाठवतात. जाणार कसा, काढायला हवाच तेवढी आहे! ७००-७०५ ला पोचत असेल तर साधं फिल्ट्रेशन वगैरेला चांगला आहे तो.

थर्मामीटर उकळत्या पाण्यात तपासताना पुण्यात ९८ च्या थोडं वर दिसणार, १०० नाही. गॅस गोळा करून त्याचं आकारमान प्रमाणित स्थितीला नेताना ९४८ ऐवजी १०१२ वापरलात तर जवळजवळ पावणेसात टक्क्यांची चूक, बाकी कितीही काळजी घेतली असली तरी.

पिपेट कॅलिब्रेशनला मात्र उगाच टेन्शन घेऊ नका. तिथे प्रेशर येतं ते हवेच्या उचलीच्या दुरुस्तीसाठी, आणि एक मिलीच्या पिपेटला पुणे की समुद्रकाठ ह्याचा फरक एक मायक्रोलिटरच्या दहाव्या भागाइतका पण नाही. तरी सर्टिफिकेटवर आकडा लिहावा लागतो, तर स्थानिकच लिहा, कारण ऑडिटरला पुण्यात १०१३ दिसलं तर तो बरोबर थांबतो.

स्टेप ६: रजिस्टर

तारीख, वेळ, आकडा, युनिट, खोलीचं तापमान, यंत्राचा नंबर, आणि एक कॉलम ज्यात "स्थानिक" किंवा "समुद्रसपाटी" असं लिहायचं. हा शेवटचा कॉलम बहुतेक रजिस्टरमधे नसतो, पट्टीने रेघ मारून तयार करा. रजिस्टरमधे नेहमी स्थानिक दाबच लिहा. समुद्रसपाटीचा कोणी मागितला तर तेव्हा काढून द्या आणि कुठल्या पद्धतीने काढला ते पण लिहा. स्थानिकवरून तो कधीही काढता येतो, पण उलटं जायला ऑफसेट, उंची, तापमान सगळं माहीत लागतं आणि दोन वर्षांनी ते कोणालाच आठवत नाही.

जुनं रजिस्टर हातात आलं असेल तर चाळून बघा. ९६० च्या खालच्या नोंदी स्थानिक समजा, १००० च्या वरच्या समुद्रसपाटीच्या. ९७०-९८० अशा नोंदी दिसल्या तर त्या दोन्हीत बसत नाहीत, पुण्यात तसं प्रेशर साध्या दिवसांत येत नाही, बहुधा कोणीतरी उंची चुकीची भरली किंवा ऑफसेट अर्धवट सेट केला, त्या नोंदींवर काढलेले रिझल्ट बाजूला ठेवा. आणि पानच्या पान १०१३.२५ लिहिलेलं असेल तर ते मोजलेलंच नाहीये, पुस्तकातून उतरवलंय, तिथे पेन्सिलने खूण करून आधीच्या माणसाला शांतपणे विचारा की बॅरोमीटर तेव्हा कपाटात होता का.